हो, ते बोल्ट आवळतात

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडच्या हवाई दल तळावर मिग-२१ने शेवटची भरारी घेतली. मिग-२१ची पहिली तुकडी, २८ स्क्वाड्रन, १९६३मध्ये याच चंदीगडला उभी राहिली होती. बासष्ट वर्षांनी त्याच शहरात हे विमान उतरलं, पाण्याच्या फवाऱ्यांनी त्याला सलामी दिली आणि इंजिनं शांत झाली. मग हवाई दलप्रमुखांनी संरक्षणमंत्र्यांच्या हाती ‘फॉर्म ७००’ सोपवला.

हा फॉर्म म्हणजे विमानाची देखभालवही. विमानात काय बिघडलं, काय बदललं, कुणी तपासलं, कुणी पास केलं, हे सारं तिच्यात लिहिलेलं असतं. तंत्रज्ञांच्या सह्या झाल्याशिवाय वैमानिक विमान ताब्यात घेत नाही. साऱ्या देशाच्या साक्षीने निरोप द्यायची वेळ आली तेव्हा हवाई दलाने ही सह्यांची वही पुढे केली. तिचा अर्थ हवाई दलाला कळतो. आपल्याला, म्हणजे घरात बसून बोलणाऱ्यांना, तो अजून कळलेला नाही, आणि म्हणून हा लेख.

कारण त्या दिवसानंतर लग्नाच्या मांडवात, रेल्वेच्या डब्यात, इंजिनिअरिंग कॉलेजच्या कट्ट्यावर मी एकच मत ऐकतो आहे. ते आहे तसंच मांडतो. ‘हिंदुस्थान एरोनॉटिक्स, आपलं एचएएल, म्हणजे स्क्रू आवळणाऱ्यांचा कारखाना. रशियाने पेट्यांतून सुटे भाग पाठवले, आपण ओझरला ते जोडले आणि वर आपला रंग दिला. ती विमानं पडली आणि पोरं गेली. आता स्वतःचं तेजस बनवायला घेतलं, तर तेही वेळेवर देता येत नाही. तिथला इंजिनिअर हजेरी लावतो, फायली सरकवतो आणि निवृत्तीची वाट बघतो. खरं इंजिनिअरिंग करायचं असेल तर कल्पना चावलासारखं चंदीगडहून अमेरिका गाठावी. ज्यांना ते जमत नाही, ते मिगच्या कारखान्यात लागतात.’

हे मत अडाण्यांचं असतं तर सोडून दिलं असतं. ते शिकलेल्यांचं आहे. मुलाने कोणती नोकरी धरावी, मुलीने कुणाशी लग्न करावं, हे त्यावरून ठरतं. म्हणून त्याचा एकेक मुद्दा घेऊन उत्तर देणं भाग आहे.

पहिला मुद्दा स्क्रू आवळण्याचा. हा शब्द शिवीसारखा वापरला जातो, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

५ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेत अलास्का एअरलाइन्सचं बोइंग ७३७ मॅक्स ९ जातीचं विमान पोर्टलंडहून उडालं. सुमारे सोळा हजार फुटांवर त्याच्या अंगावरचा दाराएवढा पत्रा निखळून आकाशात उडून गेला. विमानात १७७ माणसं होती; सगळी वाचली, हे नशीब. चौकशीत निघालं काय? तो पत्रा जागेवर धरून ठेवणारे चार बोल्ट बसवलेलेच नव्हते. कारखान्यात शेजारचे रिव्हेट दुरुस्त करण्यासाठी तो उघडला होता, नंतर पुन्हा लावला. पण बोल्ट राहिले, आणि उघडल्याची कागदावर नोंदही नव्हती. जगातल्या सर्वांत बलाढ्य विमान कंपन्यांपैकी एक कंपनी, कारण केवढं, तर चार बोल्ट आणि एक न केलेली नोंद.

आता सांगा, बोल्ट आवळणं हे हलकं काम आहे का?

विमानातला बोल्ट म्हणजे दारातला खिळा नव्हे. तो किती जोराने आवळायचा हे ठरलेलं असतं. जास्त आवळला तर ताणून आतून थकतो, कमी आवळला तर कंपनांनी सैल होतो. म्हणून टॉर्क रेंच लागतो, आणि तो रेंच बरोबर मोजतो की नाही याचीही ठरावीक मुदतीने तपासणी होते. आवळल्यावर काही बोल्टांतून बारीक पोलादी तार ओवून पीळ देतात. तो पीळ अशा बाजूने द्यावा लागतो की बोल्ट फिरू लागलाच तर तारेने त्याला घट्ट होण्याच्या दिशेलाच ओढावं. पत्र्याला भोक पाडायचं तर ते कडेपासून किती अंतरावर, किती व्यासाचं, कडा किती गुळगुळीत, हे सगळं रेखाटनात दिलेलं असतं. भोक केसभर चुकलं तर ‘चालतंय’ म्हणायचा अधिकार ना कामगाराला असतो ना त्याच्या इंजिनिअरला. ते प्रकरण कागदावर येतं, डिझाइन विभागाकडे जातं, तिथे ताणाचा हिशोब पुन्हा मांडला जातो आणि मगच सवलत मिळते किंवा नाकारली जाते. तिथे याला ‘कन्सेशन’ म्हणतात. पाळी संपताना प्रत्येक पाना, प्रत्येक पक्कड आपापल्या खाचेत परतली का ते मोजतात. एक खाच रिकामी दिसली तर हत्यार सापडेपर्यंत विमान हलत नाही, कारण विसरलेला पाना कंट्रोलच्या दांड्यात अडकला तर वैमानिकाचा हात थिजतो.

एरोस्पेस कंपनीतलं इंजिनिअरिंग हे असं असतं. कॉलेजात आपण समीकरणं शिकतो. कारखान्यात त्या समीकरणांना जबाबदार राहायला शिकतो. ‘स्क्रू आवळणारे’ म्हणून हिणवणाऱ्यांना हा दुसरा धडा कुणी शिकवलेलाच नाही.

आणि नुसती जोडणी म्हणाल, तर जगात कोण जोडणी करत नाही? बोइंग ७३७चं धड कॅन्ससमधल्या विचिटात तयार होऊन रेल्वेने रेंटनला येतं. ७८७चे पंख जपानमध्ये मित्सुबिशी बनवते. त्याला आपण ‘जागतिक पुरवठा साखळी’ म्हणतो आणि ओझरच्या जोडणीला ‘स्क्रूड्रायव्हर टेक्नॉलॉजी’. हा न्याय कुठला?

ओझरच्या कामाचा इतिहासही नीट बघा. मिगसाठी १९६०च्या दशकात तीन ठिकाणी कारखाने उभे राहिले. विमानाचा सांगाडा नाशिकजवळ ओझरला, इंजिन ओडिशात कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. सुरुवात तयार भाग जोडण्यापासून झाली, हे खरं. पण पुढची पायरी कच्च्या मालापासून भाग बनवण्याची होती, आणि ती गाठली. मिग-२१, मिग-२७, सुखोई-३० एमकेआय अशा तीन पिढ्यांची शेकडो विमानं ओझरहून बाहेर पडली. २५ जून २०१६ रोजी अडीच टनांचं ब्राह्मोस क्षेपणास्त्र पोटाशी घेऊन सुखोई पहिल्यांदा उडालं, ते नाशिकहून. मूळ विमान असलं ओझं वाहण्यासाठी घडवलेलं नव्हतं. त्याचा सांगाडा बळकट करायचा, वजनाचा तोल पुन्हा बसवायचा, क्षेपणास्त्राशी बोलणाऱ्या तारा टाकायच्या, हे काम नुसता पाना धरता येणाऱ्या माणसाकडून होईल का?

दुसरा मुद्दा सर्वांत जड आहे, त्याला वळसा घालणार नाही. मिगला चिकटलेलं नाव, ‘उडती शवपेटी.’ २०१२मध्ये संरक्षणमंत्र्यांनी संसदेत दिलेल्या आकड्यांप्रमाणे ८७२ मिगपैकी ४८२ विमानं अपघातांत गेली होती आणि १७१ वैमानिक मृत्युमुखी पडले होते. या आकड्यांपुढे मान खाली घालावी. कारणांत मानवी चूक होती, तसे तांत्रिक दोषही होते. त्यांतले काही कारखान्याच्या दारापर्यंत नक्की पोचतात. हे मी मान्य करतो.

पण सगळं खापर त्या दारावर फोडणं मान्य करणार नाही. मिग-२१ हे एका इंजिनाचं, आखूड पंखांचं, पन्नासच्या दशकात आखलेलं विमान. ते ताशी ३०० किलोमीटरहून जास्त वेगाने जमिनीला टेकतं. पक्षी इंजिनात शिरून ते एकमेव इंजिन बंद पडलं, तर पर्याय उरत नाही. आपले विशी-बाविशीतले वैमानिक सावकाश प्रशिक्षण विमानांवरून या वेगवान विमानावर थेट चढत होते. मधली पायरी म्हणून प्रगत जेट प्रशिक्षण विमान हवं, असं ला फाँटेन समितीने १९८२मध्ये सांगितलं. हॉक विमानांचा करार झाला २००४मध्ये, आणि ती हवाई दलात आली २००८मध्ये. समितीचा अहवाल आणि विमान यांच्यात सव्वीस वर्षं गेली. ही वर्षं कुणी घालवली? ओझरच्या फिटरने? कोरापूटच्या टर्बाइनच्या पात्यांवर भिंग धरून तडा शोधणाऱ्या बाईने?

आणि ज्या विमानाने नव्वदच्या दशकात निवृत्त व्हायचं, ते २०२५पर्यंत उडवावं लागलं. ते उडत ठेवण्यासाठी १२५ मिग-२१ना नवं रडार, नवी यंत्रणा देऊन ‘बायसन’ करण्यात आलं. त्यासाठी जुनी धडं उघडायची, गंज शोधायचा, थकलेले भाग बदलायचे, प्रत्येक विमानाची वेगळी दुखणी वेगळी हाताळायची. साठ वर्षांच्या माणसाला मॅरेथॉन धावायला लावणाऱ्यांना कुणी विचारत नाही. त्याच्या पायाला पट्टी बांधणाऱ्याला मात्र दोष देतात.

तिसरा मुद्दा विलंबाचा. २०२१च्या फेब्रुवारीत ८३ तेजस मार्क १ए विमानांची मागणी नोंदली गेली. पहिलं विमान २०२४च्या मार्चमध्ये मिळायचं होतं, ते मिळालं नाही. हवाई दलप्रमुखांनी उघडपणे नाराजी बोलून दाखवली, आणि ती योग्यच होती. ज्यांच्या स्क्वाड्रन रिकाम्या होत आहेत, त्यांना जाब विचारायचा हक्क आहे. व्यवस्थापनाने त्यांना उत्तर द्यावंच.

पण विलंबाचं मूळ शोधायचं तर इंजिनापर्यंत जावं लागतं. मार्क १एला अमेरिकेहून येणारं जीईचं एफ४०४ इंजिन लागतं. या मागणीतलं पहिलं इंजिन एचएएलकडे सोपवलं गेलं २०२५च्या मार्चमध्ये. विमान द्यायची तारीख उलटून वर्ष झालं, तेव्हा कुठे पहिलं इंजिन मिळालं. हा धडा आपल्याला पूर्वीच मिळाला होता. १९६१च्या जूनमध्ये उडालेलं मारुत हे आपलं पहिलं लढाऊ जेट. त्याची बांधणी सुरेख, पण त्याला साजेसं ताकदवान इंजिन शेवटपर्यंत मिळालं नाही. साठ वर्षं उलटली आणि दुखणं तेच. स्वतःचं इंजिन हवं तर धातुशास्त्रात, चाचणीगृहांत, माणसांत दशकानुदशकं पैसा आणि धीर ओतावा लागतो. तो देश म्हणून आपण ओतला नाही. तो हिशोब हँगरमध्ये उभ्या असलेल्या तिशीतल्या इंजिनिअरच्या नावावर टाकायचा, यात कसला न्याय आहे?

चौथा मुद्दा मला सर्वांत जास्त लागतो, कारण त्यात एका थोर मुलीचं नाव वापरलं जातं. कल्पना चावला कर्नालची. चंदीगडच्या सेक्टर १२मधल्या पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजातून १९८२मध्ये एरोनॉटिकल इंजिनिअर झाली, मग अमेरिकेला गेली. तिथे एमएस, पीएचडी, पुढे नासा. कॉलेजच्या वसतिगृहाला तिचं नाव आहे. ‘इथे राहिली असती तर काय झालं असतं?’ हा प्रश्न तिच्या नावाने विचारतात आणि इथे राहिलेल्या हजारोंना कमी लेखतात.

ज्यांना तिचं नाव घ्यायचं आहे, त्यांनी तिची कथा शेवटपर्यंत वाचावी. १६ जानेवारी २००३ रोजी तिला घेऊन कोलंबिया हे अंतराळयान उडालं आणि सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरच्या टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. नासातल्या इंजिनिअरांना धास्ती वाटली. पंखाला किती इजा झाली ते बघण्यासाठी कक्षेतल्या यानाची छायाचित्रं घ्या, अशी विनंती तीन वेळा पुढे आली. तिन्ही वेळा ती वाया गेली. १ फेब्रुवारीला परतताना कोलंबिया तुटलं आणि कल्पनासह सात जण गेले. चौकशी मंडळाने लिहिलं की फोमच्या तुकड्याइतकीच त्या संस्थेची कार्यसंस्कृती जबाबदार होती.

म्हणजे काय? अमेरिकेतही, नासातही, इंजिनिअरचं खरं काम हेच होतं. खोट दिसली तर बोलायचं, लिहायचं, वरच्याला ऐकायला लावायचं. तिथेही ते ऐकलं नाही गेलं तेव्हा माणसं गेली. मोठी एरोस्पेस कंपनी ओझरची असो वा सिॲटलची, ज्याची सही विमानाला थांबवू शकते त्या माणसाचं ऐकलं जातं का, यावरच तिचं भलंबुरं ठरतं. आणि आपण तर त्या माणसाला घरीच तुच्छ ठरवतो. घरी ज्याला किंमत नाही, तो कामावर वरिष्ठाला ‘नाही’ म्हणायचं बळ कुठून आणणार?

शिवाय चंदीगडहून एरोस्पेस करायला अमेरिकाच गाठावी लागते, हेही खोटं. तेजसच्या वैमानिकाच्या डोळ्यांसमोर काचेवर वेग, उंची, लक्ष्य दाखवणारा हेड-अप डिस्प्ले चंदीगडच्या सेक्टर ३०मधल्या सीएसआयओ या प्रयोगशाळेत विकसित झाला आणि शेजारच्या पंचकुल्यातल्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये तयार होतो. चंदीगडमधल्याच हवाई दलाच्या ३ बेस रिपेअर डेपोत एमआय-१७ जातीची हेलिकॉप्टरं पार सुटी करून, भागन्‌भाग तपासून पुन्हा उभी केली जातात. सियाचीनला रसद नेणारं हेलिकॉप्टर आधी या हातांखालून गेलेलं असतं. डीआरडीओच्या टीबीआरएल प्रयोगशाळेच्या रामगडच्या आवारात चार किलोमीटरचा रॉकेट स्लेजचा लोहमार्ग आहे. ऑगस्ट २०२३मध्ये गगनयानच्या ड्रोग पॅराशूटची चाचणी तिथे झाली. अंतराळातून परतणारे आपले अंतराळवीर ज्या पॅराशूटवर विसंबणार, त्याची परीक्षा कल्पनाच्या कॉलेजपासून जवळच झाली. हे सांगायला कुणाला वेळ नाही.

आपल्या मराठी घरांत तर हा तिरस्कार आणखीच लाजिरवाणा आहे. १९४०मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी करणारे वालचंद हिराचंद सोलापूरचे. विष्णू माधव घाटगे कोल्हापूर जिल्ह्यातले. त्यांनी जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली. प्रांटल म्हणजे आधुनिक वायुगतिकीचा पाया घालणारा माणूस. असा शिष्य जगात कुठेही गेला असता. घाटगे परत आले आणि बंगळूरच्या कारखान्यात राहिले. ऑगस्ट १९५१मध्ये उडालेलं एचटी-२ हे प्रशिक्षण विमान त्यांच्या चमूने घडवलं, पुढे किरण जेटही. भारतीय वैमानिकांच्या पिढ्या त्यांच्या विमानांवर उडायला शिकल्या. आपल्यातल्या किती मुलांना घाटगे हे नाव ठाऊक आहे? वसतिगृहाला सोडा, एखाद्या गल्लीला तरी ते नाव आहे का?

शेवटचा मुद्दा कागदांचा. ‘तिथे नुसत्या फायली आणि सह्या. हुशार पोरगा सडतो.’ सॉफ्टवेअरमध्ये शिरलेला त्याचा मित्र सहा महिन्यांत काहीतरी नवं बाजारात आणतो, हा एका भागावर तीन वर्षं. हो, काम संथ आहे, कारण सॉफ्टवेअर चुकलं तर उद्या दुरुस्त होतं. विमान चुकलं तर दुरुस्तीला काही उरत नाही. लष्करी विमानाचा प्रत्येक बदल उडण्यायोग्यतेच्या कसोटीवर घासला जातो. कारखान्याच्या सहीवर गुणवत्ता निरीक्षकाची सही, त्यावर सरकारच्या निरीक्षण खात्याची सही, हे सगळं पार पडल्यावरच ते उडतं. या सह्या म्हणजे लाल फीत नव्हे. तिथे सही करणारा इंजिनिअर म्हणतो की हे मी पाहिलं आहे, आणि चुकलं तर मला शोधा. आपल्या देशात किती धंद्यांत माणूस असं लिहून देतो? पूल बांधणारे देतात? रस्ता करणारे देतात?

या नोकरीत कंटाळा आहे, वरिष्ठांचा जाच आहे, बढती सावकाश आहे, सडणारे लोकही आहेत. ते कुठल्या नोकरीत नाहीत? पण त्या नोकरीचा गाभा दुसराच आहे. वयाच्या पंचविशीत तुम्ही ज्या जोडावर सही करता, तो जोड तुम्ही निवृत्त झाल्यावरही, तुम्हाला कधीही न भेटणाऱ्या एका पोरीला किंवा पोराला घेऊन हिमालयावरून उडत असतो. मिग-२१ बासष्ट वर्षं सेवेत राहिलं. त्याची पहिली वही भरणारे हात केव्हाच या जगातून गेले असतील. त्यांनी सुरू केलेली सह्यांची ओळ मात्र चंदीगडच्या शेवटच्या उड्डाणापर्यंत तुटली नाही.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. विलंबाचा जाब विचारा, व्यवस्थापनाला विचारा, सरकारला विचारा. इंजिन बनवायला पैसा मागा. अपघातांची चौकशी पूर्ण आणि जाहीर होऊ द्या. पण ‘स्क्रू आवळणारे’ हा शब्द सोडा. त्यांच्याविरुद्ध तुम्ही जो शब्द शिवी म्हणून वापरता, तेच त्यांचं सर्वांत मोठं काम आहे. हो, ते बोल्ट आवळतात, ठरलेल्या जोराने आवळतात, तार ओवतात, तपासतात आणि खाली आपलं नाव लिहितात.

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी, मिगच्या निरोपाला तीन आठवडे होतात न होतात तोच, ओझरच्या नव्या उत्पादन रेषेवर तयार झालेल्या पहिल्या तेजस मार्क १एने आकाशात झेप घेतली. त्या विमानाची देखभालवही आता उघडली आहे. ती भरायला तुमच्या घरातली मुलगी किंवा मुलगा निघाला, तर त्याला थांबवू नका.